निवळ

मराठी पंधरवड्याचं परिपत्रक आलं
आणि लॅबच्या रिपोर्टवर नवा रकाना उघडला:
मराठी प्रतिशब्द.
तो भरायचं काम माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं.

सीरमसमोर काय लिहायचं?
कोशात सापडले रक्तजल, रक्तरस, लसिका,
सगळे इस्त्रीचे,
कुणी अंगात न घातलेले.
रक्तद्रव म्हणावं तर तो प्लाझ्मा,
आणि प्लाझ्मा वेगळा.
त्याची अजून गोठायची तयारी असते.
सीरम म्हणजे गोठून झाल्यावर
वर उरतं ते.

माझे वडील लस म्हणायचे.
परळच्याच एका तबेल्यात मोतद्दार होते,
सापाचं विष थोडं थोडं टोचलेल्या घोड्यांना
हरभरा घालायचे, खरारा करायचे,
नावं ठेवायचे, चांगल्या अर्थानं.
घोड्याच्या रक्तातून निघायची ती लस
आणि माझा गुडघा फुटला की
खपलीच्या कडेनं पाझरायची तीही लस.
"हात लावू नको, लस सुटलीय."
मला कितीतरी वर्षं वाटायचं
माझ्यातही थोडा घोडा आहे.

पण रकान्यात लस लिहिली
तर लोक विचारतील, कितवा डोस?

मग तांडेलबाई आल्या, वरळी कोळीवाड्यातून,
हातात नवऱ्याची चिठ्ठी.
हरेश्वर तांडेल, वय एक्कावन्न, वॉर्ड अकरा, यकृत.
खिडकीच्या काचेतून त्यांनी
सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी पाहिली:
खाली काळपट लाल, मध्ये जेलची चकती,
वर पिवळं.
"वरचा पिवला काय हाय?"
"सीरम," मी म्हणालो.
त्या गप्प.
"रक्तजल."
त्या आणखी गप्प.
मग स्वतःच म्हणाल्या,
"निवल. ताकावर येते तशी."

मी पुढची नळी लावायचं विसरलो.

निवळ.
पेज न ढवळता ठेवली की वर येते ती.
गढूळ हंड्यात तुरटी फिरवून
रात्रभर कुणी हात घातला नाही
तर सकाळी मिळते ती.
डॉक्टर सबनीसांना सांगितलं. ते हसले,
म्हणाले, लॅटिनमध्ये त्या शब्दाचा
मूळ अर्थ तोच, दह्याचं पाणी.
म्हणजे एवढा लांबचा वळसा
बाईंनी खिडकीशी उभ्या उभ्या कापला.

रोज साडेअकराला यायच्या.
मी आकडे सांगायचो, बिलिरुबिन चौदा, सोळा, एकोणीस.
त्या आकडे ऐकायच्या नाहीत.
"निवल कशी हाय आज?"
नियमात बसत नाही, पण
मी नळी उजेडाकडे धरायचो.
सोमवारी हळदीची.
बुधवारी मोहरीच्या तेलाची.
शुक्रवारी, उतरवायला विसरलेल्या कोऱ्या चहाची.
त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही,
काचेवर बोट टेकवलं फक्त.

शनिवारी आल्या नाहीत.
वॉर्डातून आम्हाला कुणी कळवत नाही.
त्या नावाची नळी यायची थांबते,
तेवढंच.

नमुने आम्ही सात दिवस ठेवतो.
फ्रिजच्या तिसऱ्या खणात
हरेश्वर तांडेल यांची शुक्रवारची निवळ
उभी होती.
खाली गोठायचं ते गोठलेलं,
वर ती, जरासुद्धा न हललेली.
त्यांची होडी कुणी काढली असेल पाण्यात,
नसेलही.

मुदत संपली तेव्हा पिशवीत टाकण्याआधी
मी ती एकदा उजेडाकडे धरली.
सवयीनं.

रकान्यात 'निवळ' लिहून पाठवलं.
समितीनं खोडून 'रक्तजल' केलं
आणि समासात शेरा मारला:
घरगुती शब्द टाळावेत.
रिपोर्ट आता तसेच छापतात.

खिडकीशी कुणी विचारलंच
तर मी सांगतो,
रक्त ठेवून द्यायचं.
हलवायचं नाही.
मग वर येते ना,
ती.